आत्याचं तोंड आणि माझा अर्ज

सोलापूर, २ जून २०२५

ती. आत्या,

वाकून नमस्कार. खरंच वाकले होते. पेन पडलं होतं.

तुला पत्र लिहायचं म्हणजे पोस्टात जाऊन पाकीट मागावं लागतं, आणि तिथला माणूस माझ्याकडे असा बघतो, की मी पळून जायच्या आधी घरच्यांसाठी चिठ्ठी ठेवतेय. पण फोन करून उपयोग काय? तुझ्या पिठाच्या गिरणीनं तीस वर्षांत ज्वारीबरोबर तुझे कानही दळून टाकले. परवा मी फोनवर "पास झाले" म्हणून ओरडले, तर तू म्हणालीस, "कोन वारलं?" म्हणून लेखी कळवते: मी बारावी पास झाले. कोणी वारलं नाही.

आता कामाचं. मला रेडिएशन थेरपीच्या कोर्सला अर्ज करायचाय. इथंच, सोलापुरातल्या एका कॉलेजात. कॅन्सरच्या पेशंटला मशीननं किरणं देतात ना, ते मशीन चालवायला शिकवतात. किती किरणं, कुठं द्यायची ते डॉक्टर ठरवतात. पण पेशंटला टेबलावर झोपवायचं, केसभरही इकडंतिकडं होऊ द्यायचं नाही आणि रोज नेमक्या त्याच जागी किरणं द्यायची, हे या लोकांचं काम. बायोलॉजीच्या मॅडमनी सांगितलं तेव्हापासून डोक्यात बसलंय.

पप्पा म्हणतात, डी. फार्म कर, मेडिकलचं दुकान टाकू. किरणांत काम केलं की पोरंबाळं होत नाहीत म्हणे. मी म्हटलं, मशीन बंद केलं की किरणं बंद, बल्बसारखं. तर जन्मभर दुकानात पाण्याच्या मोटारींना तारा भरणारा माणूस भडकलाच. "मला शिकवतेस? बंद मोटारीच्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो की!"

या जगात तुझा भाऊ फक्त तुला घाबरतो. तेव्हा त्याला एक खरमरीत पत्र लिही.

तुझी,
ऋतुजा

---

वेळापूर, ९ जून

ऋते,

नमस्कार पोचला. पेनाला केला का मला, ते तुजं तुला ठावं.

पास झालीस, लई झाक झालं. शेजारच्या मायाक्काला पेढा दिला. ती म्हनली, कितवीत हाय पोरगी? म्हनलं, पेढा खा.

तुजं पत्र पयल्यांदा बिनचष्म्याचं वाचलं. मला वाटलं रेडिओचं कालेज. म्हनलं, रेडिओवर बडबडाया कालेज कशाला लागतंय, पोरीचं तोंड जन्मापास्नं चालूच हाय की. मंग चष्मा घातला. तर हे कॅन्सरचं!

व्हय गं, जगात दुसरी कामं सपली का? रोज सकाळी उटून मरनाऱ्या मानसांची तोंडं बघायची? तुजा बाप अभ्या येडा हाय, बारका व्हता तवापास्नं येडा हाय, पर ह्या बाबतीत मी त्याच्या बाजूची. औषदाचं दुकान बरं. खोकला, हगवन, डोकेदुखी. मानसं येत्यात, गोळी घेत्यात, बरी व्हत्यात.

मी बरी हाय. जबडा जरा धरतोय, म्हनून भाकरी दुदात कुस्करून खाती. अक्कलदाढ येत आसंल. साठीत आली, पर आली. मिश्री लावली की तेवड्यापुरतं बरं वाटतं.

पानी उकळून पी.

तुजी आत्या,
बजाबाई

---

सोलापूर, २१ जून

आत्या,

फितूर! तुझं पत्र पप्पांनी माझ्या आधी फोडलं आणि आता "अक्कासुद्धा म्हणते" हे वाक्य घरात दिवसातून दहादा ऐकू येतं.

पण मी थांबले नाही. कॉलेजचा नियम आहे, अर्जाआधी एक दिवस हॉस्पिटलच्या रेडिएशन विभागात बसायचं, बघायचं आणि मग एका पानात लिहायचं की हे काम आपल्याला का हवंय. ज्यांना पळायचंय त्यांनी आधीच पळावं म्हणून. एक मुलगी चहाच्या सुट्टीत पळालीसुद्धा.

मी नाही पळाले. तिथले मुख्य टेक्नॉलॉजिस्ट शाकीर सर. इथलेच, सोलापूरचे. एक म्हातारे चाचा टेबलावर थरथरत होते, तर सर त्यांना म्हणाले, "हिलो नक्को चाचा, तुम हिले तो मशीन मेरेकू गाली देती." चाचा हसले आणि हसून झाल्यावर गप्प पडून राहिले. आत्या, मला हेच करायचंय.

तुला वाटतं तिथं सगळी मरणारी माणसं असतात. बसायच्या जागी एक आजोबा दुसऱ्यांना उसाच्या बिलावरून शिव्या घालत होते. मरणारी माणसं इतकी भांडत नाहीत.

तोंडाच्या कॅन्सरवाले खूप होते. पुरुष गुटख्याचे, बायका मिश्रीच्या. एक बाई म्हणाली, आधी जबडा धरायचा, मला वाटलं दाढ दुखतेय. ऐकताना मला काही वाटलं नाही. घरी आले, चप्पल काढली आणि तुझं पत्र आठवलं.

आत्या, साठीत अक्कलदाढ येत नाही. मधली तीन बोटं एकाखाली एक उभी धरायची आणि तोंडात जातात का बघायचं, अशी तिथल्या डॉक्टरांची पद्धत आहे. चांगल्या तोंडात तिन्ही जातात. तुझी किती जातात ते कळव. विनोद करू नकोस. आकडा लिही.

ऋतुजा

---

वेळापूर, २८ जून

ऋते,

आकडा पायजे? दीड.

मायाक्काची तीन जात्यात. चवथं बी गेलं आसतं, तिचं तोंडच तसलं. म्हनून हे तुजं माप काय खरं न्हाय.

गालात आतल्या बाजूला एक पांढरं हाय. जीभ लागली की खरखर करतं. मिश्रीनं पोळलं आसंल. वरीस झालं त्याला. मी त्याला काय बोलत न्हाय, त्ये मला काय बोलत न्हाय.

आता ह्याचा गावभर डांगोरा नगं. आन तू मला शानपन शिकवतीस, तुजा अर्ज कुटं हाय? एक दिवस जाऊन बघून आलीस, आता बापाला भिऊन बसलीस. तू अर्ज भर. पावती दाव. मंग मी डागदरला तोंड दावती. बघू कोन आदी भितंय.

बजाबाई

---

सोलापूर, ४ जुलै

आत्या,

पावतीची झेरॉक्स सोबत आहे. शिक्का नीट बघ, बनावट नाही.

पालकाची सही आईनं केली. पोळ्या लाटता लाटता हात पुसून, जणू गॅस सिलिंडरच्या माणसाच्या वहीवर करतेय अशी. पप्पांना कळलं तेव्हा मोठा तमाशा होईल वाटलं होतं. त्याहून वाईट झालं. माझ्याशी बोलायचं ते आईमार्फत. "तिला सांग, मीठ दे." मीठ त्यांच्यासमोरच असतं.

मी भ्याले होते, कबूल. सबमिटच्या बटणापर्यंत जाऊन दोनदा परत आले. पण दाबलं.

आता तुझी पाळी. गिरणीचं कारण सांगू नकोस. पट्टा तुटलाय, बेअरिंग गेलंय, पाहुणे आलेत, यातलं काहीही चालणार नाही. अकलूजला जा आणि तोंड दाखव.

ऋतुजा

---

वेळापूर, १९ जुलै

ऋते,

गेल्ते.

डागदर म्हंजे तुज्याएवडं पोरगं. म्हनलं, आजी, आ करा. मी म्हनलं, बाळा, ह्योच आ हाय. मंग त्यानं हसायचं बंद केलं. चिमट्यानं एक तुकडा काडला. रगत आलं, कापूस दिला, यष्टीत तोंडात कापूस धरून आले. कंडक्टरनं कुटं जायचं इचारलं, मला बोलता येईना आन ऐकू येईना. त्यानं मला आपलं वेळापूरलाच उतरवलं. मानूस चांगला व्हता, नायतर पंढरपूरला गेले आसते.

रिपोट आला. तुजं खरं झालं.

आदी आपरेशन, गाल कापायचा. मंग किरणं, तुजी ती. सोलापूरला जावा म्हनला.

मी जानार न्हाय. ज्वारी दळायला लोकांच्या रांगा हायत. साठ वरसं ह्या तोंडानं खाल्लं, शिव्या दिल्या, लग्नात गानी म्हनली. पुरं की. आता कोन त्याला कापत बसतंय.

अभ्याला सांगू नगंस. तुला माजी शपथ हाय. शपथ मोडलीस तर मी आदी मरीन आन मंग तुला बघून घीन.

बजाबाई

---

सोलापूर, २२ जुलै

अक्का,

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. तरी लिहितो.

ऋतुजानं शपथ मोडली. दुकानात येऊन तुझं पत्र समोर ठेवलं आणि उभी राहिली. मी मोटर भरत होतो. वाचलं आणि तारेचे वेढे मोजायचे विसरलो. ती मोटर आता पुन्हा सोडवून भरावी लागेल.

तू म्हणतेस, जाणार नाही. तुला विचारलं कुणी? मला टायफॉईड झाला होता तेव्हा तू मला पाठीवर घेऊन अकलूजला चालत नेलंस. तेव्हा मला विचारून गेली होतीस का? मी तर वाटेत तुझ्या पाठीवर ओकलो पण होतो. तू थांबली नाहीस.

शनिवारी गाडी घेऊन येतो. गिरणीला कुलूप लाव. कपडे भरून ठेव. मिश्रीचा डबा मी माझ्या हातानं फेकणार आहे, लपवू नकोस.

आणि मला विचारू नकोस की ऋतुजाचं काय ठरवलंस. एका वेळी एकच.

तुझा भाऊ,
अभिमन्यू

ता. क. रडत बसू नकोस. मी बसून पाहिलं, काही फरक पडत नाही.

---

धर्मशाळा, सोलापूर, १८ सप्टेंबर

ऋते,

एकाच गावात ऱ्हाऊन पत्र लिवतीय. कुनी बघितलं तर येडी म्हनंल. पर गाल शिवल्यापास्नं बोलाया गेलं की शब्द घसरतोय, आन ऐकायचं तर आदीच बंद हाय. रविवारी तू येतीस तवा आपन दोगी नुसते हात हालवतो, लिलावात उबं ऱ्हायल्यावानी. त्यापरीस हे बरं. अभ्या पेजंचा डबा आनतो, जाताना पत्र नेतो. वाटंत फोडून वाचतो.

अभ्या, वाच. पर पाकीट नीट चिकटवत जा. नुसती थुकी लावून भागत न्हाय.

तुमच्या घरनं रोज आले आसते, पर रिक्षा हादरली की जबड्यातनं कळ येती. धर्मशाळा दवाखान्याच्या आवारातच हाय, चालत जाती. शेजारच्या खाटंवर सिद्धम्मा हाय, अक्कलकोटाकडची. तिला कानडीबिगर काय येत न्हाय. मला कायच ऐकू येत न्हाय. आटवडा झाला, एकदा बी भांडान न्हाय. मायाक्काला मराटी कळतं, हीच आमची इतक्या वरसांची अडचन व्हती.

आता त्या मशीनचं. गरम पान्यातनं पलास्टिकची जाळी काडली, तोंडावर दाबली. थंड झाल्यावर माज्याच तोंडाची चाळण तयार. रोज ती तोंडावर घालत्यात आन टेबलाला खटाखटा अडकवत्यात. मंग समदे भाईर. एवडं जाड दार बंद. वरनं ते धूड माज्याभवती फिराया लागलं. शाकीर माईकवरनं बोलतो म्हनं. मला काय त्याचं! मला वाटलं, ही समदी जेवाया गेली आन मला इसरली. मी हात वर केला. मशीन थांबलं, शाकीर पळत आत. त्याचं तोंड हालतंय, मला त्यातलं एक कळंना. परत निजवलं. परत मी हात वर केला.

मी भ्याले न्हाय. हे लिवून ठेव.

जरा भ्याले.

आत्या

---

सोलापूर, २२ सप्टेंबर

आत्या,

शाकीर सरांना भेटून आले. त्यांना म्हटलं, आम्ही आत्याला मागून कधी हाक मारत नाही, पायाला हात लावतो. आता ते बाहेर पडताना तुझ्या पायाचा अंगठा दाबतील. म्हणजे सुरू होतंय. परत आले की पोटरीवर थाप. म्हणजे संपलं. मधे कोणी तुला विसरलेलं नसतं, सगळे पडद्यावर तुलाच बघत असतात. त्यामुळे नाक खाजवू नकोस.

काल माझी मुलाखत झाली. समोर तिघं. एक डॉक्टर, एक फिजिक्सचे सर आणि एक मॅडम, ज्या जांभई दाबत होत्या. हे काम का हवंय, म्हणाले. मी पाठ केल्याप्रमाणे "सेवा" म्हणणार होते. "से" म्हटल्याबरोबर मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग मी पुढचं गिळलं आणि म्हटलं, "घाबरलेल्या माणसाशी मला फालतू बोलता येतं."

मॅडमनी पेन उचललं.

फिजिक्सचे सर म्हणाले, "मशीन चालू असताना पेशंटनं हात वर केला तर?"

"आधी मशीन थांबवायचं. मग आत जायचं. मग विचारायचं."

"काहीच झालेलं नसेल तर?"

"तर बरंच झालं की, सर."

"आणि तो रोजच हात वर करत असेल तर?"

"तर ती माझी आत्या असेल."

कोणी हसलं नाही, आत्या. डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं. आज यादी लागली. माझं नाव प्रतीक्षा यादीत आहे, आणि माझ्या वर दोघं. म्हणजे तुझ्यामुळं गेलं की तुझ्यामुळं निदान इतकं तरी आलं, ते कळायला मार्ग नाही.

पप्पांनी यादी बघितली. डी. फार्मचा फॉर्म टेबलावर आहे आणि त्यांनी तो अजून माझ्यासमोर सरकवलेला नाही.

ऋतुजा

---

धर्मशाळा, १४ ऑक्टोबर

ऋते,

मी घरी चालले.

गालाची कातडी काळी पडली, मानंवर सोलली. तोंडात समदे फोड. थुकी दोरीवानी लोंबती, ना गिळता येती ना थुकता येती. पेज प्याली तर काच प्याल्यावानी. कशालाच चव न्हाय. पानी बी लोखंडावानी लागतंय.

काल गेले न्हाय. आज बी न्हाय. शाकीर हाक माराया आला व्हता, मी भितीकडं तोंड केलं.

हे मी गमतीनं लिवत न्हाय. अभ्याला सांग, गाडी आन. मला माज्या घरात मरू दे. तुजं ते मशीन तुला लखलाभ.

बजाबाई

---

सोलापूर, १४ ऑक्टोबर, दुपार

आत्या,

पप्पा पत्र घेऊन आले आणि दारातच उभे राहिले. लगेच परत जायला निघालेत, म्हणून घाईत लिहिते.

शाकीर सरांना फोन केला. मधे थांबलं की त्या रोगाला परत जोर धरायला सवड मिळते, म्हणाले. आजवर सोसलंस ते वाया. फोड, थुंकी, चव, हे सगळं किरणांचं आहे, रोगाचं नाही. किरणं संपली की हळूहळू बरं होतं. डॉक्टरांना सांग, गिळायच्या आधी तोंड बधिर करायचं औषध देतात, ते माग. नळीनं दूध द्यायची सोय आहे, लाज वाटून घेऊ नकोस.

एवढं माहितीचं झालं. आता धीर द्यायचा तर मला येत नाही. त्या तिघांसमोर मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, घाबरलेल्या माणसाशी मला बोलता येतं म्हणून. परक्या माणसाशी येत असेल. आपल्या माणसाशी नाही येत. तू घरी जाऊ नकोस. तू मेलीस तर मी कुणाशी भांडू?

उद्या जा फक्त. परवाचं परवा बघू.

ऋतुजा

अक्का, हे मी गाडीत बसून लिहितोय. गाडी तुला न्यायला नाही, तुझ्याकडं बसायला आणतोय. काल तू गेली नाहीस तेव्हा मी त्या शाकीर साहेबांपाशी थांबलो होतो. त्यांना कपॅसिटरचं विचारलं. हसले नाहीत. मला बसवून नीट समजावलं, छातीवरचा बिल्ला दाखवला, अंगाला किती किरणं लागली ते तो रोजच्या रोज मोजतो म्हणे. मग त्यांच्या तीन मुलांचे फोटो दाखवले. आणि म्हणाले, बजाबाई आल्या नाहीत तर आमचा दिवस बिघडतो. अक्का, परका माणूस तुझी वाट बघतो आणि तू भिंतीकडं तोंड करतेस? — अभि

---

धर्मशाळा, १९ ऑक्टोबर

ऋते,

तुमी दोगांनी लिवलं त्यानं मी उटले आसं समजू नगा. मी न्हाय उटले. पत्र वाचून उशाला टाकलं आन परत निजले. अभ्या खाटंच्या कडंला बसून ऱ्हायला, बैलावानी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धम्मा आली. माजी चप्पल हुडकून काडली, खाटंखाली मांडली, बरोबर डावी डाव्या अंगाला. आन म्हनली, "नडी." ऐकू आलं न्हाय, ओटावरनं कळलं, चल म्हनतीय. म्हनलं न्हाय. ती म्हनली, नडी. मी तोंड फिरवलं तर दुसऱ्या अंगानं आली, नडी. तिचं सवताचं नाक मानंपातुर काळं पडलंय, डोकीला फडकं, वजन कोंबडीएवडं. हात धरून वडाया लागली. म्हनलं, ही बया माज्या आदी पडंल. म्हनून गेले.

मंग रोज गेले. औषद मागून घेतलं, नळी बी घातली. नाकातनं दूद जातं. हत्तीवानी दिसती मी.

काल सिद्धम्माची किरणं सपली. मी मशीनवर व्हते तवा तिचा ल्योक आला आन तिला घेऊन गेला. भाईर येऊन बघती तर खाट मोकळी, गादी गुंडाळलेली. तिला वाटेला लावायचं ऱ्हायलं. तिचं गाव कंचं ते बी म्या इचारलं न्हाय, इचारलं आसतं तरी कळलं नसतं.

बाकी ठीक. शाकीर अंगठा लई जोरात दाबतो, त्याला सांग.

आत्या

---

सोलापूर, ३० नोव्हेंबर

आत्या,

किरणं संपल्यावर आमच्याकडं राहून तू वेळापूरला गेलीस आणि आमच्या घराला कसंतरीच वाटायला लागलंय. एवढी शांतता कुणी सांगितली होती?

आता ऐक. माझ्या वरच्या दोघांपैकी एकजण नर्सिंगला गेला आणि दुसऱ्याच्या घरच्यांनी त्याला पुण्याला पाठवलं. कॉलेजातून फोन आला तेव्हा मी अंघोळीला गेले होते. फोन पप्पांनी घेतला. बाथरूमच्या दारावर थाप मारून ओरडले, "ऋतुजा, कागदपत्रं कुठं आहेत? दुपारी बंद होतंय!" मी ओल्या केसांनी गेले. काउंटरवरच्या बाईंनी पालकांची सही मागितली. पप्पांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि इतकी ठासून सही केली, की खालच्या कागदावरही उमटली. बाहेर आल्यावर म्हणाले, "तो मोजणारा बिल्ला रोज लावायचा. विसरलीस तर मी येऊन बघीन." झालं. एवढाच आशीर्वाद.

काल आम्हाला पहिल्यांदा मशीनच्या खोलीत नेलं. शाकीर सर म्हणाले, पेशंटला झोपवण्याआधी स्वतः झोपून बघा. जाळी तोंडावर लावली, खटाखटा अडकवली आणि सगळे बाहेर गेले. मशीन चालू करणार नव्हते, मला माहीत होतं. तरी आत्या, दार लागलं आणि मला वाटलं, ही सगळी मला विसरली. नाकाला खाज सुटली. थोडाच वेळ असेन मी तिथं. सोडवलं तेव्हा पोरं हसत होती आणि मी पण हसले, मग मुतारीत जाऊन रडले.

मला वाटलं होतं, तू लिहितेस ते गमतीत लिहितेस. तू तिथं रोज जायचीस.

गिळता येतं का आता? तोंड किती उघडतं? डॉक्टरांनी दिलेला तो तोंड उघडायचा व्यायाम करतेस की मायाक्काला करायला लावतेस?

तुझी,
ऋतुजा

---

वेळापूर, १४ जानेवारी २०२६

ऋते,

तुज्या पत्राला उशीर झाला. लिवन्यासारकं काय नव्हतं. रोज पातळ खायाचं, आन कशाला कशाची चव न्हाय. गूळ न्हाय, मीठ न्हाय. आमटी आन धुनं धुतलेलं पानी एकच. मायाक्का इचारती, कसं झालंय? मी म्हनती, लई झाक. तिला बी ठावं हाय.

अडीच बोटं जात्यात. व्यायाम मीच करती. गिरणी मायाक्काचा जावई चालवतोय, जाडंभरडं दळतो, लोकं शिव्या देत्यात. मला ऐकू येत न्हाय, बरं हाय.

तू मुतारीत रडलीस ते बरं केलंस. मानसाम्होरं रडू नगंस, त्येंचं त्येंना पुरं हाय. पर यकदा रडून घेतलेलं बरं आसतंय. आता तुज्या टेबलावर कोन निजलं की तुला ठावं आसंल.

काल भोगी झाली. मायाक्कानं भोगीची भाजी आनली, मिक्सरातनं फिरवून, लापशीवानी. हिरवीगार. म्हनलं, ठेव तितं. ती गेल्यावर चमचाभर तोंडात टाकली, तिचं मन ऱ्हावं म्हनून. जिबंवर ठेवली आन गिळायच्या आदीच कायतरी टोचलं. मला वाटलं, फोड परत आला. आरसा घिऊन बघितलं, काय न्हाय. परत एक चमचा घेतला. जिबंच्या शेंड्याला टोचलं, मंग आत गेलं, मंग कानापातुर गेलं.

मिरची व्हती, ऋते. तिकाट लागलं.

डोळ्यातनं पानी आलं, नाक गळाया लागलं. मायाक्का वाटी न्यायला आली तर मी अशी बसलेली. ती घाबरली, पानी घिऊन पळत आली. मी हात आडवा केला.

म्हनलं, ऱ्हाऊ दे. लागू दे जरा.